परगावचं अंडं

आमच्या हुंबरवाडीत खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची झाली, की त्यात एक अंडं परगावचं लागतं. घरची अंडी कितीही चांगली असोत, ते बाहेरचं एक आल्याशिवाय अंडी उबवायच्या डाल्याला कोणी हात लावत नाही. येताना नदीवरच्या साकवावर तुम्हाला एक म्हातारी भेटली असेल, पदरात काहीतरी जपून धरलेली. ती त्याचसाठी नदीपलीकडे गेली होती. हसू येत असेल तर हसा, मला राग नाही. पण आधी या कातळावर बसून सगळं ऐकून घ्या.

याला मुक्याचा कातळ म्हणतात. इथे वाडीच्या राखणदाराचं ठाणं आहे. वर्षातून एकदा प्रत्येक घर त्याला कोंबडा देतं. कोंबड्यापुढे तांदूळ टाकायचे. त्याने टिपले, की राखणदाराने तो मान्य केला असं समजायचं.

फार मागे वाडीत भिवा नावाचा माणूस होता. बायको आवडी, आणि एकुलती लेक शेवंती लग्न होऊन सासरी गेलेली. भिवाला कोंबड्यांचा नाद. त्याच्याकडे कुठूनसा एक राखी कोंबडा आला होता म्हणे. चुलीतल्या थंड राखेचा रंग, वर निळी झाक, प्रत्येक पिसाला बारीक काळी कड. तसा पक्षी पंचक्रोशीत कोणी पाहिला नव्हता. भिवाला परसातली सगळी जातच तशी करायची होती.

पण हा रंग टिकत नाही. राखी नर आणि राखी मादी जमवली, तरी पिल्लांत काही काळी निघतात, काही पांढरी ठिपक्यांची. हे पाळणारा कोणीही तुम्हाला सांगेल. भिवाला ते पटेना. त्याने त्या कोंबड्याला त्याच्याच लेकी दिल्या, मग लेकींच्या लेकी दिल्या. वेगळ्या रंगाचं पिल्लू दिसलं की मान मुरगळायची आणि परसात पुरायचं. आवडी सांगून थकली, "जल्माक इलेला असा मारू नको, पाप लागात." तो ऐकत नव्हता. माणूस वाईट नव्हता, असंच सगळे सांगतात. पण नाद लागला की माणसाला दुसरं काही दिसत नाही.

शेवटी तो या कातळावर आला आणि नवस बोलला. एका कोंबडीखालची सगळी पिल्लं राखी निघू देत, मी हाच कोंबडा तुला देईन.

पिल्लं फुटली ती सगळी राखी. एकही काळं नाही, एकही ठिपक्यांचं नाही. भिवाचा आनंद गगनात मावेना. मग नवस फेडायचा दिवस आला आणि त्याचा जीव अडकला. ज्याच्यामुळे हा रंग आला, तोच द्यायचा? त्याने एक पांढरा कोंबडा धरला, त्याला चुलीतली राख चोळली आणि इथे आणून उभा केला.

वाडीचा मानकरी गावकर राखणदारापुढे गाऱ्हाणं, म्हणजे घराच्या वतीने विनवणी, घालायला उभा होता. त्याने विचारलं, "भिवा, तुझे हात राखेन कशे माखले?"

"चुलीकडसून इलंय," भिवा म्हणाला.

कोंबड्याने तांदूळ भराभर टिपले. भिवाला वाटलं, राखणदार फसला.

त्यानंतर त्याच्या परसात जे जन्माला आलं, ते राखीच आलं. प्रत्येक डाल्यातली पिल्लं राखी, सगळी सारखी. पण ती चिवचिवत नव्हती. मोठी झाली तरी नर आरवेनात. तो जुना कोंबडाही गप्प झाला. मग मांजरीला पिल्लं झाली, राखी आणि मुकी. शेळी व्याली, करडू राखी. ते आईकडे बघून तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. शेजाऱ्यांनी त्या घरची वाट सोडली.

आणि अशात शेवंती बाळंतपणाला माहेरी आली. आवडीने तिला उंबऱ्यावरूनच परत धाडायचं बघितलं, पण पाय सुजलेली पोर पुन्हा डोंगर कुठून चढणार? आवडी नवऱ्याला एवढंच म्हणाली, "माझ्या लेकीक काय झाला, तर मी तुझा तोंड बघूचंय नाय."

तेव्हा भिवा हादरला. नवसाचा कोंबडा धरायला परसात गेला आणि तिथेच थांबला. सगळे कोंबडे एकसारखे. ज्याला पिसापिसाची पारख होती, त्याला आपला कोंबडा ओळखू येईना. एकेक धरून तो इथे आणायचा, तांदूळ टाकायचा. एकाही कोंबड्याने दाणा टिपला नाही. मग तो त्याला पलीकडच्या उघड्या माळावर, सड्यावर सोडून द्यायचा आणि पुढचा आणायला जायचा. असे किती दिवस गेले कोण जाणे.

आवडीने मात्र वेगळंच केलं होतं. लेक आली त्याच दिवशी ती नदीपलीकडे बहिणीकडे गेली, तिच्या तांबड्या कोंबडीचं एक अंडं आणलं आणि नुकत्याच कोंबडीखाली ठेवलेल्या घरच्या अंड्यांमध्ये सरकवलं. असं का केलं ते तिलाही सांगता आलं नसतं. निदान एक तरी वेगळं जन्माला येऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं.

शेवंती मोकळी झाली ती अंडी फुटायच्याच दिवशी. मुलगी झाली, जावळ राखी. मूल तोंड उघडत होतं आणि आवाज येत नव्हता. सुईण बाजूला सरकली. आवडी नातीला छातीशी धरून बसली होती, तेवढ्यात कोपऱ्यातल्या डाल्यात एक पिल्लू चिवचिवलं. तांबडं पिल्लू. आणि त्यामागोमाग मूल रडलं.

भिवा शेवटचा कोंबडा सोडून घरी आला. नातीचं रडणं ऐकून काहीतरी बोलायला गेला, पण त्याला बोलता आलं नाही. पुढे जन्मभर नाहीच. म्हातारपणी रोज इथे येऊन तांदूळ टाकायचा आणि टिपायला कोणी येतं का ते बघत बसायचा. त्याच्यावरूनच कातळाचं नाव पडलं. ती नात म्हणजे माझी पणजी.

राखणदाराला त्याचा कोंबडा काही मिळाला नाही. म्हणून आजही वाडीत पिल्लं फुटायच्या दिवशी घरची बाई डाल्यापाशी कान देऊन बसते, आणि आवाज आल्याशिवाय घरात कोणी बोलत नाही. मी शाळेत शिकवलं आहे, मुलांना रंग पिढ्यांतून कसे उतरतात तेही फळ्यावर काढून दाखवलं आहे. तरी खरं सांगतो, मला भीती वाटते. माझी धाकटी लेक बाळंतपणाला आली आहे, आणि यंदा मी एकाऐवजी दोन अंडी बाहेरची ठेवली आहेत.