तीन संगणकांची परीक्षा

माणसं रांगेत उभी राहून अर्ज भरून घ्यायची, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या भिंतीपलीकडे सुलभाताईंचं अर्ज भरायचं दुकान होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. तिथे तीन संगणक होते: जुना मोठा डबा, पडद्यातच सगळं सामावलेला सपाट आणि टिफिनएवढा चिमणा.

एकदा ताईंनी ठरवलं, तिघांच्या प्रोसेसरचा वेग मोजायचा आणि सगळ्यात हळू निघेल तो भंगारात द्यायचा. तिघांवर एकदमच चाचणी लावली. पण दुकान चालूच ठेवलं, आणि गिऱ्हाइकांची सगळी कागदपत्रं तर डब्याच्या पोटात.

"काका, कांबळेबाईंचा दाखला द्या," सपाट म्हणाला.

"अरे, परीक्षा चाललीय माझी. जरा दम धर की!"

"बाई उन्हात उभी आहे हो."

डब्याने चाचणी बाजूला ठेवून दाखला काढून दिला. मग चिमण्याने फोटो मागितला, सपाटने सही. "घ्या रे बाबांनो," म्हणत तो देत राहिला. त्याचा पंखा नुसता धापा टाकत होता.

आकडे आले. डबा सगळ्यात मागे.

"तुम्ही तरी सांगा रे ताईंना, मी का मागे पडलो ते," तो म्हणाला. सपाटने लगेच पुढच्या गिऱ्हाइकाचा अर्ज उघडला, चिमण्यानेही.

ताईंनी त्याच्यातली कागदपत्रं काढून घेतली आणि त्याला भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. "पुढच्या वर्षी पुन्हा मोजू," त्या म्हणाल्या.

गाडी वळल्यावर चिमण्याने हळूच विचारलं, "कागदपत्रं आता कुणाकडे आहेत रे?"

"माझ्याकडे," सपाट म्हणाला.

भिंतीपलीकडून मला त्याचा पंखा धापा टाकताना ऐकू आला.