बत्तीस अंशांवरची शांतता

“डिटेक्टर गेला, बाई. दुसरा लावू?”

यशोधननं हे विचारलं तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. चारला प्रोटॉन सोडणारं यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं, आणि पुन्हा मिळायला वर्ष लागलं असतं. त्याचा प्रबंध एकाच प्रश्नावर अडला होता. कॅल्शियमचं अणुकेंद्रक केवढं असतं?

केळशीकर बाई स्टुलावर बसून चहा पीत होत्या. या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली होती.

“काय झालं?”

“कॅल्शियमच्या पापुद्र्यावर प्रोटॉनचा मारा करतोय. कुठल्या कोनात किती उडतात ते मोजतोय. बत्तीस अंशांपर्यंत सगळं ठीक होतं. तिथं एकदम गप्प. केबल तीनदा बदलली.”

“मग?”

“तो कोन गाळतो. आजूबाजूचे आकडे आहेत, मधून रेघ ओढली की झालं. एवढं कळतं मला, बाई.”

त्याला बरंच कळत होतं, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

बाई उठल्या. डिटेक्टर फिरवायच्या चाकाला त्यांनी हात घातला. चौतीस... छत्तीस...

डिटेक्टरची टकटक सुरू झाली.

चाक मागे. बत्तीस... काही नाही. अठ्ठावीस... पुन्हा टकटक.

असं तीनदा केलं.

यशोधनला उमगलं. डिटेक्टर धडधाकट होता! प्रोटॉन लाटांसारखे अणुकेंद्रकाच्या दोन्ही कडांवरून येत होते आणि नेमके इथंच एकमेकांना पुसून टाकत होते. त्या दोन कडांमध्ये अंतर किती, त्यावरच हा कोन ठरत होता; कोन नेमका सापडला की आकारही नेमका निघणार होता. तो वहीवर तुटून पडला. पेन्सिलीचं टोक मोडलं, त्यानं दुसरी ओढली.

“बाई... आकार निघतोय. यातूनच निघतोय.”

विद्यापीठात पहिला आला, तेव्हाही त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

“हं.”

“आणि मी हाच कोन गाळत होतो...”

बाईंनी घड्याळाकडे बोट केलं.

चाळीस मिनिटं उरली होती. त्याला आता धीर धरवेना.

“पुढच्या कोनांवर प्रोटॉन भरपूर येताहेत, बाई, इथं फार तर एखादाच. तिकडे भराभर मोजून घेऊ? उरलेला वेळ कुठं लावू?”

बाईंनी चाक बत्तीसवर आणून थांबवलं. आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

“जिथं कुणी येत नाही, तिथं बैस. एकालाही चुकवू नकोस.”