पाहुण्याला नाव विचारणारी पेटी

भोपळगडच्या राजवाड्यातली पेटी सकाळपासून कुणालाच दाद देईना! ही पेटी साधीसुधी नव्हती. राजवाड्यातल्या यच्चयावत कॉम्प्युटरांच्या फायली तिच्यात राहायच्या आणि ज्याला जे हवं ते तो आपल्या खोलीत बसून उघडायचा. काल गर्जेराव महाराजांच्या हुकमाने तिच्यात नवं अपडेट भरलं, आणि आज जो येईल त्याला तिचा एकच सवाल, "नाव सांगा, पासवर्ड सांगा!"

महाराज भडकले. आजवर सगळे पेटीत नुसते 'पाहुणा' म्हणून शिरत. दारी आलेल्याला नाव विचारणं म्हणजे त्याचा अपमान, अशी भोपळगडची पणजोबांपासूनची रीत! त्यात संध्याकाळी राजकन्येचा साखरपुडा, आणि त्याची सगळी आखणी पेटीत अडकलेली.

"धोंडजी!" पेटी सांभाळणाऱ्यावर महाराज गरजले. "दिवेलागणीच्या आत पेटी उघड! अपडेट काढायचं नाही, आमचा हुकूम मागे जात नसतो. आणि पेटीने पाहुण्याला नाव विचारता कामा नये. नाही जमलं तर चंबूगबाळं आवर आणि राज्य सोड!"

धोंडजीने कपाळाला हात लावला. अपडेट ठेवलं तर पेटी विचारणार, काढलं तर हुकूम मोडणार! त्याची मुलगी सगुणा मात्र पदर खोचून थेट दरबारात आली. बाप म्हातारपणी देशोधडीला लागलेला तिला बघवणार नव्हता.

"कोण गं तू?" महाराजांनी विचारलं.

"अगंबाई! महाराज, नाव विचारलंत?"

दरबारात खसखस पिकली. महाराज ओशाळले.

"अनोळखी माणूस दिसल्यावर तुम्हाला राहवलं नाही," सगुणा म्हणाली, "मग त्या पेटीवर का रागावता? उद्या पाहुणा म्हणून चोर शिरला तर?"

"जीभ भारी चालते! पण रीत ती रीत. पेटी उघडशील का?"

"उघडते की!"

तिने बापाला पेटीत प्रत्येकाचं नाव नोंदवायला लावलं. मग खोल्याखोल्यांतून फिरली, प्रत्येकाला त्याच्या कॉम्प्युटरात नाव आणि पासवर्ड भरायला लावला आणि कॉम्प्युटरालाच 'लक्षात ठेव' असं बजावून आली.

महाराजांनी स्वतः बटण दाबलं. पेटी उघडली, एका शब्दाने काही न विचारता!

"अपडेट काढलंस!" महाराज ओरडले.

"छे हो! जागच्या जागी आहे. महाराज, आपल्याकडे पाहुणा दाराशी मुका उभा राहतो का? अंगणातूनच हाळी देतो, 'मी आलोय हो, वरच्या आळीचा बाबू!' त्याला कशाला कोण नाव विचारतंय? कॉम्प्युटरांना मी तेवढंच वळण लावलं. पेटीने तोंड उघडायच्या आत ते नाव सांगून मोकळे होतात!"

महाराज असे खो खो हसले की पागोटं घसरून मांडीवर आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं सगुणाला दिलं, आणि साखरपुड्याच्या पंगतीत धोंडजीचं पान आपल्या शेजारी मांडायला लावलं.