जलपर्णीचा धनी

“पण बाबा, नदी नासवली कुणी, एवढं तरी सांगा.”

मौलाशा फकीर दर्ग्याच्या पायरीवर बसले होते. खाली नदी जलपर्णीनं झाकून गेली होती. काठाला मेलेले मासे लागले होते.

विचारणारे होते तवनाप्पा मगदूम. एकरी शंभर टन ऊस काढणारे, पंचक्रोशीत मानाचे. वरची गावं आणि खालची गावं एकमेकांवर काठ्या उगारायच्या बेतात होती, आणि तवनाप्पांना दोषी माणसाचं नाव हवं होतं.

“ही जलपर्णी कुणी पेरली नाही,” तवनाप्पा म्हणाले. “कुणी तिला खत घातलं नाही. तरी माजते.”

“खत घातलं नाही?” फकिरांनी विचारलं.



फकीर उठले आणि नदीकडे पाठ करून चालू लागले. तवनाप्पांना काही उमगेना. तरी ते मागून निघाले.

नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या कडेनं चढताना आधी तवनाप्पांचाच ऊस लागला. सरीतलं जादा पाणी ओढ्यात पडत होतं. त्यात युरियाचे पांढरे दाणे विरघळत होते.

फकीर थांबले.

“हे कितीसं, बाबा? वर कोंबड्यांची शेड आहे, तिथली घाण बघा.”

ते शेडपाशी गेले. शेडवाला म्हणाला, “माझं काय घेऊन बसलाय? वर डोंगर नांगरलाय. तिथली माती खतासकट खाली येते.”

डोंगरउतारावर एक म्हातारी खुरप्यानं भांगलत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, “मला नका विचारू. वर जावा.”

दोघं माथ्यावर पोचले. तिथं खडक होता, वारा होता. माणूस नव्हतं.

तवनाप्पांनी सवयीनं बोट उचललं. वर नुसतं आभाळ. ते बोट आता कुठं न्यावं, त्यांना कळेना.

“बाबा… मग गावात नाव कुणाचं सांगू?”

फकिरांनी वहाणा काढून हातात घेतल्या. पाण्यात शिरताना खोचतात तशी लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली. आणि कोरड्या उतारावर, चाचपत, एक पाऊल टाकलं.

तवनाप्पा बघतच राहिले.

“नदी अजून कोसभर लांब आहे, बाबा…”

“जपून ये,” फकीर म्हणाले. “इथं खोल आहे.”