माती नेणारी म्हैस

माणसांनी तळी खणायला सुरुवात केली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. एका सपाट माळावर काजळी नावाची म्हैस रोज एकाच ओल्या जागी लोळायची आणि अंगभर चिखल घेऊन निघून जायची. होता होता तिथे खळगा झाला, पाणी साचलं आणि बेडकांनी संसार मांडले.

माळाला हे खपेना. "काजळे, रोज माझी माती नेतेस. विचारायची काही रीत?"

"अहो माळोबा, मी कुठे नेते? तीच चिकटते."

"सगळे चोर असंच म्हणतात."

काजळी लाजली आणि दूर खडकावर बसू लागली. मग पावसाने वाहून आणलेला गाळ खळग्यातच साचत गेला. पुढच्या पावसाळ्यात जरा उघडीप पडली, तर पाणी आटायला लागलं.

"माळोबा, पिल्लांना अजून पाय फुटायचेत," बेडकी म्हणाली. "माती तुम्ही सांभाळलीत. आता यांना सांभाळा."

माळ ओशाळला. त्याने काजळीला हाक मारली. "तब्येत बरी आहे ना? अंगावर चिखल दिसत नाही, म्हणून विचारलं."

"चिखल तुमचा, माळोबा. न विचारता कसा न्यायचा?"

"मग विचार की," माळ हळूच म्हणाला.

काजळीने विचारलं नाही. ती खळग्याच्या कडेला, पिल्लांपासून जपून, मनसोक्त लोळली. ती उठली तेव्हा तिच्या पोटाएवढी खोलगट जागा झाली होती, आणि उरलेलं पाणी पिल्लांना घेऊन हळूहळू तिकडे उतरत होतं.