पहिल्या पावलाचा मान

एका गावाच्या अगदी मध्यावर एक ओसाड जागा होती. गाव तसं लहानच, पण पेठेचं. एका बाजूला कापडवाल्यांची दुकानं, दुसऱ्या बाजूला तांबटांची, आणि मधोमध ही जागा. पूर्वी तिथे परगावच्या व्यापाऱ्यांच्या बैलांचा तळ पडायचा. पुढे व्यापाऱ्यांनी वाट बदलली. मागे उरली धूळ, काटेरी झुडपं आणि लोकांनी आणून टाकलेली फुटकी मडकी.

त्या गावाचा एक कारभारी होता. माणूस सरळ आणि कष्टाळू. आईबाप लहानपणीच गेल्यामुळे त्याला त्याच्या थोरल्या बहिणीनं वाढवलं होतं. सारं गाव तिला आक्का म्हणायचं. भावाचं सगळं करता करता तिचं वय निघून गेलं, पण तिनं स्वतःसाठी म्हणून कधी काही मागितलं नव्हतं.

एके दिवशी आक्का बाजारातून आली, भाजीची टोपली ओसरीवर ठेवली आणि कंबर धरून खाली बसली.

"तुम्हा पुरुषांना बसायला पार आहे, चावडी आहे, तेलाचा घाणासुद्धा आहे," ती म्हणाली. "आम्ही बायकांनी कुठं बसायचं रे? डोक्यावर टोपली घेऊन उभ्या उभ्याच सुखदुःख बोलायचं? त्या ओसाड जागेत एक बाग कर. चार झाडं, बसायला दगड, पोरांना लोळायला हिरवळ. आणखी काही नको."

कारभारी हसला. "आक्का, उभ्या उभ्या बोलता तरी घरी यायला दुपार होते. बसायला जागा दिली तर चुली कोण पेटवणार?"

"तुम्ही पेटवा की एक दिवस! हात भाजतो म्हणजे काय, ते तरी कळेल."

गोष्ट हसण्यावारी गेली, पण कारभाऱ्याच्या मनातून गेली नाही. आक्कानं मागितलेली ती पहिलीच वस्तू होती.

पावसाळा सरताच त्यानं काम काढलं. गावानंही हात आखडता घेतला नाही. पाथरवटानं बसायला दगड घडवून दिले. कुंभाराच्या गाढवांनी नदीकाठची काळी माती वाहिली. रोपं घरोघरून आली. पण या सगळ्याच्या आधी आलं होतं ते आक्काच्या परसातलं बकुळीचं रोप. ते तिनं स्वतःच्या हातानं कारभाऱ्याच्या ओंजळीत ठेवलं होतं.

आता त्या गावात एक जुनी रीत होती. विहीर असो, खळं असो की धर्मशाळा, नवं काही उभं राहिलं की ज्यानं त्यासाठी पहिली वस्तू दिली, त्याचं पाऊल तिथे पहिलं पडायचं. मग तो सावकार असो की गोवऱ्या विकणारी म्हातारी. बकुळीचं रोप आलं त्याच दिवशी गावानं ठरवून टाकलं, बागेत पहिलं पाऊल आक्काचं.

दोन पावसाळ्यांत बाग अशी फुलली की गावाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मधोमध छोटंसं कारंजं, त्याच्याभोवती फुलांचे ताटवे, आणि हिरवळ तर नव्या सतरंजीसारखी. बागेला साजेसा दरवाजाही बसला. आता मुहूर्त तेवढा काढायचा होता.

नेमका त्याच सुमारास शेजारच्या मोठ्या गावचा कारभारी तिथून जात होता. बाग पाहून तो थबकला.

"वा! अशी बाग राजधानीतसुद्धा नसेल. पहिलं पाऊल कुणाचं?"

"माझ्या बहिणीचं. पहिलं रोप तिनं दिलं."

"बहिणीचं?" पाहुण्यानं भुवया उंचावल्या. "अहो कारभारी, सोन्याच्या ताटात कुणी आंबील वाढतं का? खुद्द महाराजांना बोलवा. तुमचं गाव कुठं आहे हे तरी त्यांना कळू दे."

पाहुणा निघून गेला, पण त्याचं बोलणं मात्र कुसळासारखं कारभाऱ्याच्या मनात रुतून बसलं. इतकी वर्षं त्यानं गावाचा कारभार सचोटीनं केला होता, आणि राजधानीत त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. महाराज आले तर? बागेतून फिरता फिरता त्यांनी विचारलं, 'कुणी केली ही बाग?' तर?

जेवताना त्यानं चाचरत आक्काकडे विषय काढला.

"एवढंच ना?" आक्का म्हणाली. "दे की मान महाराजांना. मला मानाचं काय करायचंय? मला बसायला दगड पुरे."

कारभाऱ्याच्या मनावरचं ओझं उतरलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं राजधानीकडे माणूस पिटाळला. दरवाज्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. महाराजांच्या आधी कुणाचं पाऊल पडायला नको, तर मग नजर तरी का पडावी? त्यानं बागेभोवती बांबूचे उंच तट्टे उभे केले. माळी तेवढा मागच्या छोट्या दारातून आत जाई आणि पाणी घालून परत येई.

महाराज दसऱ्याला येणार असा निरोप आला. गावानं कमानी उभारल्या. दसऱ्याला कळलं की महाराजांना पडसं झालं आहे. मग दिवाळी ठरली. दिवाळीला महाराज सासुरवाडीला गेले. नंतर संक्रांत ठरली, आणि संक्रांतीला ते शिकारीत रमले. प्रत्येक वेळी कमानींची फुलं सुकायची, आणि कारभारी म्हणायचा, "आता एवढी वाट पाहिली, थोडी आणखी पाहू."

मुलं तट्ट्यांना डोळे लावून फटी शोधायची. माळी फटी बुजवायचा. बायका पुन्हा रस्त्यात उभ्या राहून बोलू लागल्या. बागेसमोरच कासारणीचं बांगड्यांचं दुकान होतं आणि तिच्या जिभेला धार होती. कारभारी समोरून गेला की ती गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता मोठ्यानं म्हणायची, "ही बाग म्हणजे सासुरवाशिणीचं माहेर बाई! आहे म्हणून सांगायचं, जायला काही मिळायचं नाही."

दुकानात हशा पिकायचा. कारभारी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

आक्का मात्र हसत नव्हती. गेले काही महिने ती तांदूळ निवडताना ताट डोळ्यांजवळ नेत होती. एकदा तिनं मिठाऐवजी साखर आमटीत घातली. कारभाऱ्यानं वैद्याला बोलावलं. वैद्यानं उजेडात नेऊन तिचे डोळे पाहिले आणि बाहेर येऊन कारभाऱ्याला सांगितलं, "पडदा चढतोय, आणि झपाट्यानं चढतोय. माझ्याजवळ याला औषध नाही. त्यांना जे पाहायचं असेल, ते आत्ताच पाहू द्या."

हे आक्कानं आतून ऐकलं होतं. फाल्गुन संपत आला, बकुळीचा वास तट्ट्यांवरून साऱ्या पेठेत पसरला, तेव्हा ती एका सकाळी एकटीच भिंत चाचपत बागेच्या दरवाज्यापाशी जाऊन उभी राहिली. कारभारी धावत तिथे पोहोचला.

"आक्का, अशी एकटी कशाला आलीस?"

"माझी बकुळ फुललीय रे," ती म्हणाली. "वासानं कळतंय. मला अजून रंग दिसतात. अंधुक दिसतात, पण दिसतात. मला आत घेऊन चल. मी पाऊल टाकत नाही पुढं, हवं तर तू मला पाठुंगळी घे. लहानपणी मी तुला घेत होते ना? म्हणजे जमिनीवर पाऊलच पडायचं नाही. महाराजांचा मान महाराजांपाशी."

कारभाऱ्यानं कमरेची किल्ली काढली आणि कुलपात घातली.

तेवढ्यात पेठेच्या टोकाकडून टापा वाजल्या. राजधानीचा स्वार होता. घोडा थांबवून तो ओरडला, "कारभारी! महाराज पाडव्याला नक्की येताहेत. बाग त्यांच्यासाठीच राखून ठेवली आहे हे ऐकून फार खूश झालेत. अजून कुणी आत गेलं नाही ना?"

कारभाऱ्याचा हात कुलपावरच थांबला. दुकानांतून लोक पाहत होते. स्वार पाहत होता. आक्का पाहत होती, पण तिला कुणाचाच चेहरा नीट दिसत नव्हता.

"नाही," कारभारी म्हणाला. "कुणीही नाही."

त्यानं किल्ली परत काढून घेतली. "आक्का, पाडवा तर आलाच. इतके दिवस थांबलो, आता चार दिवसांसाठी कशाला?"

आक्का दरवाज्यापासून वळली. मग म्हणाली, "बरं. तुझा हात दे. येताना भिंत होती, जाताना उन्हानं डोळे दिपताहेत."

पाडव्याला महाराज आले नाहीत. प्रधानाच्या घरी लग्न निघालं होतं.

चैत्र गेला, वैशाख गेला. ज्येष्ठातल्या एका सकाळी आक्कानं कारभाऱ्याच्या बायकोला विचारलं, "आज उजाडायला एवढा उशीर का गं लागतोय?" भावजयीनं दाराकडे पाहिलं. ऊन ओसरीवर चढलं होतं. ती आक्काजवळ जाऊन बसली.

महाराज आले ते पुढच्या दसऱ्याला. कारभाऱ्यानं दरवाज्यापासून कारंज्यापर्यंत पायघड्या घातल्या होत्या. महाराज पालखीतून उतरले, पायघड्यांवरून चार पावलं चालले, कारंज्याकडे पाहून "छान" म्हणाले आणि सेवकाला विचारलं, "पुढचं गाव किती लांब आहे?" पायघड्यांवरूनच ते परत फिरले. बाग कुणी केली, हे त्यांनी विचारलं नाही. धूळ उडाली, पालखी दिसेनाशी झाली.

कारभारी दरवाज्यात उभा राहून पायघड्या गुंडाळणाऱ्या माळ्याकडे पाहत राहिला. कापडाखालचं गवत जसंच्या तसं होतं. ज्या पहिल्या पावलासाठी त्यानं एवढा आटापिटा केला, ते बागेच्या मातीला लागलंच नव्हतं.

तो तडक घरी गेला. आक्का ओसरीवर वाती वळत होती. त्यानं तिच्यापुढे पाठ करून बसकण मारली.

"चल आक्का. पाठुंगळी बस."

"अरे, आता कशाला? आता हात धरलास तरी चालेल," ती म्हणाली, आणि काठी शोधू लागली.

त्यानं तिला बागेत नेलं. मागोमाग मुलं शिरली, बायका शिरल्या, कासारीण दुकान उघडं टाकून आली. तिनं पदरानं दगड पुसला आणि आक्काला बकुळीखाली बसवलं.

आक्कानं झाडाच्या खोडावरून हात फिरवला. गवताला हात लावला. मग म्हणाली, "कारंज्यापाशी फुलं लावलीस म्हणत होतास. कोणत्या रंगाची रे?"

"लाल," कारभारी म्हणाला.

"लाल म्हणजे कशी? कुंकवासारखी, की डाळिंबाच्या फुलासारखी?"

इतके दिवस किल्ली कारभाऱ्याच्या कमरेला होती. पण त्याचे डोळे सदैव राजधानीच्या रस्त्याला लागलेले. ती फुलं त्यानं एकदाही थांबून पाहिली नव्हती. तो उठला, ताटव्याजवळ जाऊन वाकला, नीट निरखून परत आला.

"कडेला डाळिंबासारखी," तो म्हणाला, "आणि आत थोडी पिवळी झाक आहे. विझत आलेल्या निखाऱ्यासारखी."

"हं," आक्का म्हणाली. "आता थोडी दिसली."

त्या दिवसापासून कारभारी रोज संध्याकाळी आक्काला बागेत नेऊ लागला. तट्टे त्यानं त्याच दिवशी उपटले होते. दरवाजाही काढला आणि त्याच्या फळ्यांचा बाक करून बकुळीखाली ठेवला. त्या बाकावर बसून तो तिला सांगायचा, कुठलं फूल उमललं, कुठली पानं गळाली, कुठली पोरं हिरवळीवर कोलांट्या मारताहेत. आक्का मान हलवत ऐकायची, मधूनच हसायची.

एकदा त्यानं न राहवून विचारलं, "आक्का, तू माझ्यावर रागावली नाहीस?"

मांडीवर पडलेली बकुळीची फुलं आक्कानं बोटांनी एकेक करून गोळा केली.

"राग कसला?" ती म्हणाली. "तू सांगतोस ते चांगलंच सांगतोस. पण काय आहे रे, तू सांगतोस तेवढीच बाग मला दिसते."

कारभाऱ्यानं मान खाली घातली. समोर उतरत्या उन्हात सारी बाग झळाळत होती. त्यातलं आधी काय सांगावं, हे त्याला कळेना.

तात्पर्य: आपल्या माणसाला दाराबाहेर उभं करून मोठ्यांची वाट पाहू नये. राहिलेला मान मागाहून देता येतो, निघून गेलेली वेळ देता येत नाही.