दीदीधारेवर एका वेळी एकच

बर्फाखाली गेलेल्या माणसाला वरून मारलेली हाक ऐकू जाते का? मी हे डॉक्टरला विचारलं. दादाच्या पलटणीतल्या सुभेदाराला विचारलं. इथल्या गैणा बोडीलाही विचारलं. डॉक्टरनं खांद्यावर हात ठेवला. सुभेदार म्हणाला, चहा घे. बोडीनं चुलीत लाकूड पुढं सारलं.

असो. तुम्ही स्कीइंगला आला आहात, तर आधी उताराचं सांगतो.

समोर दिसते ती दीदीधार; धार म्हणजे इकडे डोंगराची सोंड. खाली आहे ते थुनेरा गाव. वर बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ रान, आणि तिथून ओढ्यापर्यंत एकसलग पांढरा उतार. औली किंवा गुलमर्ग पाहून आलेल्यांना इथं आधी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. रोपवे नाही, रांग नाही, मॅगीच्या टपऱ्या नाहीत. स्की खांद्यावर टाकून देवदारांतून पायी चढायचं. आणि उतरताना एवढ्या मोठ्या उतारावर एका वेळी एकच माणूस. तो खाली ओढ्याशी पोचतो, वळतो, वर तोंड करून उभा राहतो आणि मागच्याला नावानं हाक मारतो. मगच मागचा निघतो. खाली येऊन त्यानं "आलो" म्हटलं की पुढच्यानं जागा सोडायची. त्याआधी नाही. कितीही थंडी वाजू दे.

नागपूरचे एक काका यावर वैतागले होते. "अहो, असं केलं तर दिवसभरात उतरणार किती वेळा?"

दादा म्हणाला, "काका, तुम्ही एकदा चढून तर या. मग मोजू."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रंगनाथ शेलार. आम्ही साताऱ्याकडचे, जावळीचे. तो फौजेत होता, तिथंच बर्फावर घसरायला शिकला. थुनेऱ्याच्या सतेश्वरीशी लग्न केलं आणि पेन्शन झाल्यावर इथंच राहिला. आलेल्या लोकांना शिकवायचा, घरातल्याच दोन खोल्यांत उतरवून घ्यायचा आणि जेवणं झाली की शेगडीभोवती बसवून ही गोष्ट सांगायचा. त्यानं ती गैणा बोडीकडून ऐकली. बोडी म्हणजे इकडे थोरली काकू. तिनं तिच्या सासूकडून ऐकली. मी दादा सांगायचा तशी सांगतो.

फार पूर्वी, गावात अजून घोड्याची वाटही नव्हती तेव्हा, लोक पावसाळा सरताना बुग्यालावरचं गवत कापून वरच गंजी लावून ठेवत. बर्फ पडून घट्ट झालं की चढून जायचे, गवताचे भारे बांधायचे आणि ते उतारावर सोडून द्यायचे. भारे आपोआप घसरत ओढ्याशी येत. मागून माणसं पायाला अक्रोडाच्या वाकवलेल्या फळ्या बांधून येत. सगळे एकदम, आरडाओरडा करत, एकमेकांना पाडत. जत्राच म्हणा ना. प्रत्येक घराचा भारा ओळखू यावा म्हणून त्याला त्या त्या घरची चिंधी बांधलेली असे. खाली बायका उभ्या असत. त्या भारे मोजत. भारे पुरे झाले की सगळे घरी. माणसं कुणी मोजत नसे. भारा आला म्हणजे त्याच्या मागं माणूस आलाच, असं धरून चालत.

त्या गावात रूपणा नावाची मुलगी होती आणि तिचा धाकटा भाऊ बिरू. आईबाप नव्हते. घरात एक गाय, तिच्यावर दोघांचं पोट. इकडे धाकट्या भावाला भुला म्हणतात. रूपणानं त्याला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही म्हणे.

त्या वर्षी दोघं वर गेली. भारे बांधून झाले तेव्हा आभाळ खाली आलं होतं. लोक घाई करायला लागले. बिरू म्हणाला, "दीदी, तू पुढं हो. मागून तुझा भारा माझ्या टाळक्यात बसतो."

"तुझं टाळकं आहे तसंच राहील," रूपणा म्हणाली, "भाराच फुटायचा. नीघ पुढं. मी गंजी झाकून येते."

गंजी झाकायची, कारण उघड्या गवतात बर्फ शिरलं की ते सडतं. तेवढं एक काम उरलं होतं. बिरू निघाला. त्याच्या मागून रूपणाचा भारा आला, लाल चिंधीचा. खाली बायकांनी तो मोजला. भारे पुरे झाले. सगळे घरी गेले. बिरूनं दोन्ही भारे ओढत नेले, गाईला घातलं, चूल पेटवली. दीदी शेजारी कुणाकडे तरी टेकली असेल, असं त्याला वाटलं. शेजाऱ्यांना वाटलं, ती घरी आहे. भारा तर सगळ्यांनी पाहिला होता.

भाकरी गार झाली तेव्हा बिरू उठून ओढ्याकडे पळाला. पाहतो तर उताराचा मधला पट्टा जागेवर नव्हता. वरची कड तुटून सगळं खाली येऊन बसलं होतं.

गावानं शोधलं नाही असं नाही. पुष्कळ शोधलं. तिची एक फळी बर्फात उभी रुतलेली मिळाली, दुसरी जरा खाली. ती मिळाली नाही. लोक बिरूला म्हणाले, चल आता. तो म्हणाला, "मी हाक मारली आहे. उत्तर आल्याशिवाय कसा येऊ?"

आणि तो ओढ्याशी, वर जायच्या पायवाटेवर आडवा झाला. तिथून हलेना. झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, हे आपल्याकडे मानतात तसं इकडेही मानतात. वाट तेवढी एकच. बाकी कडा. त्यामुळे वर कुणाला जाता येईना. उरलेलं गवत सगळं वर. गोठ्यांमध्ये गुरं दावं चघळायला लागली. लोकांनी त्याला समजावलं, शिव्या घातल्या, हात जोडले. दोघातिघांनी उचलूनही आणलं. तो परत जाऊन आडवा. त्याची स्वतःची गाय गोठ्यात हंबरत होती, ते त्याला ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं. तरी तो उठला नाही, असं सांगतात. त्यालाही काही वेगळं सुचत नव्हतं. हाक मारायची आणि थांबायचं.

दादा इथं नेहमी थांबायचा. शेगडीतली राख हलवायचा. मग कुणीतरी विचारायचंच, "पुढं काय झालं?"

गावात एक म्हातारी सुईण होती. तिचं नाव गोष्टीत राहिलं नाही. ती बिरूजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आईच्या पोटातून तिला मी आणलं. वरूनही मीच आणते. तू मला वाट दे. मग हाक मार."

बिरू तिच्यासाठी कुशीवर वळला. तेवढ्या वाटेनं म्हातारी रूपणाच्या दोन्ही फळ्या पाठीला बांधून चढली. सबंध सकाळ तिला चढायला लागली. गाव खाली उभं. आज कुणी आरडाओरडा करत नव्हतं. वर ती ठिपक्याएवढी दिसली तेव्हा बिरू उठून उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, "दीदी!"

म्हातारी निघाली. आयुष्यात ती कधी फळ्यांवर उभी राहिली नव्हती. पण ती पडली नाही म्हणे. भुसभुशीत बर्फातून सरळ रेघ ओढावी तशी आली आणि बिरूच्या पुढ्यात थांबली. "आले रे, भुला," असं ती म्हणाली. ओठ म्हातारीचे हलले, आवाज रूपणाचा होता. उभ्या गावानं तो ओळखला, असं सांगतात. बिरूनं तिचा हात धरला आणि तिला घरी नेलं. त्याच दुपारी लोक वर जाऊन गवत घेऊन आले. एकेक करून. खाली पोचलेला वर पाहत उभा, मागच्याचं नाव घेत.

रूपणा पुढं वैशाखात बर्फ वितळल्यावर सापडली, असं वहिनी सांगते. दादा म्हणायचा, सापडली नाही. यावरून दोघांची पाहुण्यांसमोर जुंपायची.

तेव्हापासून धारेवर दोन गोष्टी पाळतात. एक तुम्ही पाहिली. त्यामुळेच इथं गर्दी होत नाही आणि गावाला ती नकोच आहे. मध्यंतरी कुणी ट्रॉली बसवायला आले होते. गैणा बोडीनं त्यांना विचारलं, "त्या पाळण्यात बसलेला मागच्याला ओळखतो का?" ते म्हणाले, कशाला ओळखेल? बोडी म्हणाली, "मग चहा प्या आणि जा."

दुसरी गोष्ट अशी. उतरायला निघालेला माणूस "आलो" न म्हणता गेला, तर धार बंद. त्याच्या जवळच्या कुणीतरी त्याच्याच स्कीवर वरून यायचं आणि त्याच्या नावाच्या हाकेला उत्तर द्यायचं. ज्यानं त्या दिवशी हाक मारली होती, त्यानंच पुन्हा मारायची. मग धार उघडते.

गेल्या फाल्गुनात दादा नेहमीसारखा सर्वांत शेवटी होता. त्याच्या आधी वहिनी उतरली होती. तिनं खालून हाक मारली, तो निघाला आणि वरची कड सुटली. दुपारपर्यंत गावानं त्याला काढलं. मी जावळीहून पोचलो तोवर त्याला घोंगडीत निजवलं होतं. नदीकाठी अग्नी मी दिला. अस्थी मी नेल्या.

या पौषात परत आलो तर धार बंद. कुणाकडे पाहुणे नाहीत. ज्या घरांची वर्षाची कमाई या दोन महिन्यांवर, ती घरं गप्प. वहिनी रोज दुपारी ओढ्याशी जाऊन वर पाहत उभी राहायची. तोंडातून आवाज नाही. दिवस कलला की बोडी तिला हाताला धरून आणायची. अंगावर मांस उरलं नव्हतं तिच्या.

मी भर अंगणात ओरडलो. "माणूस जाळला मी! राख पाण्यात सोडली! आता आणखी काय उतरवायचं राहिलंय?"

बोडी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भुला, तू त्याला पोचवलंस. घरी कुणी आणलं?"

रागानं मी दादाच्या स्की भिंतीवरून काढल्या आणि तसाच धारेकडे निघालो. पहिल्याच चढावर तोंडावर आपटलो. आमच्या जावळीत बर्फ म्हणजे रसाच्या गाड्यावरचं. बोडीच्या नातवानं मला मागच्या लहान उतारावर शिकवलं. शिकवलं कसलं, पडायला शिकवलं. सगळा पौष मी पडत होतो. गावातल्या बायका गोठ्यातून बघायच्या आणि हसू लपवायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

आजही थुनेऱ्यात कुणी नुसत्या स्की, नुसती पिशवी पाहून माणूस आला असं म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका. उद्या खाली पोचलात की मोबाइल काढायच्या आधी वळा आणि मागच्याला हाक मारा.

माघात आभाळ स्वच्छ असलेला दिवस बोडीनं ठरवला. मी वर गेलो. गाव खाली ओढ्याकाठी उभं होतं आणि सगळ्यांच्या पुढं वहिनी. इकडच्या बायकाही नवऱ्याचं नाव घेत नाहीत. इतकी वर्षं तीही धारेवर "फौजी" म्हणून भागवत आली होती. त्या दिवशी तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली, "रंगनाथ!"

मी निघालो. मधे एकदा पडलो, उठलो. वळणं मला येत नव्हती, सरळच आलो. तिच्यापुढं येऊन थांबलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या पायांतल्या स्कीकडे पाहिलं. दादासारखा आवाज मी काढला नाही. मला तो आलाही नसता. माझ्याच आवाजात म्हणालो, "आलो."